एका किल्लीतल्या तीन किल्ल्या

14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती 800ची किल्ली मिळाली. खाचा पाडलेलं धातूचं पातं आणि बोटांत धरायला डोकं, एवढीच ती किल्ली. हरवली असती तर बाजारातल्या कुठल्याही किल्लीवाल्याने कच्च्या किल्लीवर कानस चालवून दुसरी करून दिली असती आणि गाडीला त्यातलं काही कळलं नसतं. 2005 साली त्याच कंपनीची स्विफ्ट आली तोवर हे चित्र पालटलं होतं. तिच्या किल्लीचं पातं हुबेहूब घासून घेतलं तर दार उघडतं, किल्ली फिरते, स्टार्टरही फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. डॅशबोर्डवर दिवा लुकलुकत राहतो.

आज आपल्याकडे ‘जुनी गाडी’ म्हटलं की बहुतेक वेळा या बदलाच्या काळातली गाडी डोळ्यांसमोर येते: 2000 ते 2013च्या आसपासची सँट्रो, वॅगन आर, इंडिका, स्विफ्ट, फिएस्टा, पुंटो, बीट. यांतल्या काही गाड्यांची किल्ली निव्वळ धातूची आहे, काहींच्या डोक्यात चिप आहे, काहींच्या किल्लीतच कंपनीचा रिमोट आहे आणि काहींच्या किल्लीला दुकानातून बसवून घेतलेल्या सेंटर लॉकचा वेगळा रिमोट लटकतो आहे. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला एक आणि वरच्याला दुसरी व्यवस्था असंही आढळतं. म्हणून ‘माझ्या गाडीची किल्ली करायला किती खर्च येईल?’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. आधी ठरवावं लागतं की हरवलं किंवा बिघडलं आहे ते नेमकं काय: पातं, चिप की रिमोट. तिन्ही एका कवचात राहतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पातं कुलपाशी बोलतं, चिप इंजिनाच्या संगणकाशी आणि रिमोट दारांच्या यंत्रणेशी. हे तीन धागे वेगळे केले की निम्मा खर्च आणि जवळजवळ सगळी फसवणूक टळते.

सुरुवात पात्यापासून करू. गाडीच्या कुलपात घराच्या दारासारख्या पिना नसतात, पातळ पितळी पत्र्या असतात. प्रत्येक पत्रीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते आणि मागे छोटी स्प्रिंग. किल्ली आत गेली की प्रत्येक खाच आपापली पत्री ठरलेल्या उंचीवर आणते; सगळ्या पत्र्या एका पातळीत आल्या की दट्ट्या फिरतो. खाचेच्या खोलीचे मोजकेच टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला आकडा दिलेला असतो. म्हणजे संपूर्ण पातं काही आकड्यांत लिहून ठेवता येतं, आणि कंपनीच्या दप्तरी ते तसं लिहिलेलं असतंच. नवी गाडी घेताना किल्ल्यांसोबत तारेत अडकवलेली धातूची किंवा प्लॅस्टिकची छोटी पट्टी मिळते, तिच्यावर हा क्रमांक कोरलेला असतो. बहुतेक घरांत ती पट्टी पहिल्याच आठवड्यात फेकली जाते. ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी ती घरात कागदपत्रांबरोबर ठेवावी. गाडीच्या डॅशबोर्डखालच्या कप्प्यात ठेवण्याची ती वस्तू नाही.

या क्रमांकाचं मोल जुन्या गाडीत वाढतं. पंधरा वर्षं वापरलेल्या किल्लीच्या खाचांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. तिच्यावरून नक्कल काढली तर झीजही उतरते, आणि त्या नकलेवरून तिसरी काढली तर चूक आणखी वाढते. मग किल्ली ‘अडकते’, ‘जरा वर उचलून फिरवावी लागते’ अशा सवयी लागतात आणि एक दिवस इग्निशनमध्येच तुटते. क्रमांकावरून कापलेली किल्ली मात्र कारखान्यातून आल्यासारखी नवीकोरी असते. क्रमांक नसेल तर चांगला कारागीर झिजलेल्या किल्लीची खोली मोजून सर्वांत जवळचा टप्पा शोधतो आणि झीज दुरुस्त करून कापतो. यंत्रावर जुनी आणि नवी किल्ली शेजारी लावून नुसती फिरवणारा हे करत नाही. कोणाकडे जायचं ते ठरवताना हा फरक विचारून घ्यावा.

आणि किल्लीच नसेल तर? इथे एक जुनं हस्तकौशल्य कामाला येतं आणि ते पाहण्यासारखं आहे. कारागीर कच्ची किल्ली कुलपात घालून जोर देऊन हलकेच फिरवतो. जी पत्री अडते ती मऊ धातूवर बारीक खूण उमटवते. किल्ली बाहेर काढून उजेडात तिरकी धरायची, खूण दिसली तिथे कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा आत घालायची. खूण उमटायची थांबली की त्या जागेची खोली बरोबर झाली. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत हे काम शिकलीगर शीख कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. मूळचे हे शस्त्रं घडवणारे, धार आणि झिलई देणारे कारागीर. रस्त्याच्या कडेला बसून पाऊण तासात दार न खरवडता किल्ली घडवून देणाऱ्या माणसाला आपण जेवढे पैसे देतो ते त्या डोळ्यांच्या आणि हातांच्या मानाने थोडे आहेत, असं मला मनापासून वाटतं.

लेझर कट म्हणतात त्या किल्लीची गोष्ट वेगळी. तिच्या कडा सरळ असतात आणि पात्याच्या सपाट अंगावर नागमोडी खोबण कोरलेली असते. फोक्सवॅगन, स्कोडा यांच्या गाड्यांत ती सर्रास दिसते. ती कानशीने होत नाही, उभं फिरणारं कटर असलेलं यंत्र लागतं.

आता चिप. किल्लीत वीज आणण्याची कल्पना जनरल मोटर्सने 1986 सालच्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये अमलात आणली. पात्यावर एक छोटा रोधक बसवला होता. गाडी त्याचा रोध मोजायची आणि जुळला तरच इंजिन सुरू होऊ द्यायची. पण रोधाच्या किमती होत्या पंधराच. चोराने पंधरा किल्ल्या बाळगल्या की काम झालं. पुढचं पाऊल जर्मनीतल्या विमा कंपन्यांनी उचलायला लावलं. बर्लिनची भिंत पडल्यानंतर गाड्यांच्या चोऱ्या इतक्या वाढल्या, की 1995पासून त्यांनी नव्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर (ओळखीच्या चिपशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी व्यवस्था) असण्याची अट घातली. 1998मध्ये युरोपभर तो नव्या मोटारींना सक्तीचा झाला. आपल्याकडे नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हळूहळू झिरपला. मारुतीने त्याला ‘आयकॅट्स’ नाव दिलं.

या चिपला सेल लागत नाही, आणि इथेच लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. इग्निशनच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. किल्ली फिरवली की त्या कड्यातून साधारण 125 किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं. किल्लीच्या डोक्यातल्या चिपलाही अतिशय बारीक तारेचं वेटोळं असतं; त्यात त्या क्षेत्रामुळे वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होते. गाडी तिला एक आकडा पाठवते, चिप आपल्या पोटातल्या गुप्त संख्येने त्याचं गणित करून उत्तर देते, गाडी स्वतःही तेच गणित करून उत्तर ताडून पाहते. जुळलं तर इंधन आणि ठिणगी सुरू. न जुळल्यास काही गाड्यांत स्टार्टर फिरत राहतो पण इंजिन पेटत नाही, काहींत पेटून एक-दोन सेकंदांत विझतं. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांचं हे दुसरं लक्षण ओळखीचं आहे. ‘पेट्रोल पंप गेला’ म्हणून गाडी ओढून नेण्याआधी डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा पाहावा आणि दुसरी किल्ली लावून बघावी.

एवढी कटकट कशाला, असं जुन्या गाडीच्या मालकाला वाटतं. त्याला उत्तर आकड्यांत आहे. नेदरलँड्समधल्या यान फान आवर्स आणि बेन फोलार्ड या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा इमोबिलायझरच्या सक्तीमुळे गाडीचोरीचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. उलटा पुरावा अमेरिकेतला. तिथे तशी सक्ती नाही. 2015च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या 96 टक्के मॉडेलांत इमोबिलायझर होता, ह्युंदाई आणि कियाच्या 26 टक्क्यांतच. 2021नंतर तिथल्या मुलांनी इग्निशनचं प्लॅस्टिक काढून यूएसबी केबलच्या टोकाने या गाड्या फिरवून नेण्याचे व्हिडिओ पसरवले आणि चोऱ्यांची लाट आली. त्याच कंपन्यांच्या ज्या गाड्यांत ही चिप होती, त्यांच्यावर ती युक्ती चालली नाही.

म्हणून एका उपायाबद्दल स्पष्टच लिहितो. किल्ली हरवली की काही गॅरेजवाले सुचवतात, ‘इमोबिलायझरच बंद करून टाकू, साध्या किल्लीवर चालेल.’ संगणकातला प्रोग्रॅम बदलून हे करता येतं आणि नव्या चिपपेक्षा कधीकधी स्वस्तही पडतं. पण त्या दिवसापासून ती गाडी कुठल्याही घासलेल्या पात्यावर चालू होते, आणि पुढे ती चोरीला गेली तर विमा कंपनीला काय सांगायचं हाही प्रश्न उभा राहतो. इमोबिलायझरचं युनिट जळलं, कंपनी देशातून गेली आणि भाग मिळेनासा झाला, असा शेवटचा प्रसंग सोडला तर याला होकार देऊ नये.

चिपची नवी किल्ली करण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांतला फरक किल्लीवालाही पुष्कळदा नीट सांगत नाही. पहिली वाट नकलेची. दुकानातलं हातात मावणारं यंत्र तुमच्या किल्लीची चिप वाचतं आणि कोऱ्या चिपवर तीच ओळख लिहितं. गाडीला दोन्ही किल्ल्या एकच वाटतात. तिच्या संगणकाला हात लावावा लागत नाही, काम पटकन होतं. दुसरी वाट नोंदणीची. नवी चिप तिच्या स्वतःच्या ओळखीसह गाडीच्या संगणकाला शिकवायची. त्यासाठी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये यंत्र जोडावं लागतं आणि पुष्कळ गाड्यांत एक गुप्त पिन क्रमांक लागतो. ह्युंदाईत तो सहा आकडी असतो आणि चासी क्रमांकावरून कंपनी तो देते. फियाटच्या गाड्यांबरोबर ‘कोड कार्ड’ मिळायचं, त्यावर तो छापलेला असे.

घरातल्या दुसऱ्या माणसाला एक जादा किल्ली हवी एवढीच गरज असेल तर नक्कल पुरते. पण किल्ली बाहेर कुठे हरवली असेल, पाकिटासकट चोरली गेली असेल, पाकिटात पत्ता असलेलं आरसी असेल, तर नकलेने भागत नाही. नकलेत गाडीच्या संगणकाला हात लागत नाही, त्यामुळे हरवलेली किल्ली बाद होत नाही. अशा वेळी नोंदणीचाच आग्रह धरावा आणि जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या न्याव्यात, कारण बहुतेक गाड्यांत नोंदणी करताना जुनी यादी पुसून समोर असतील तेवढ्याच किल्ल्या नव्याने लिहिल्या जातात. घरी राहिलेली किल्लीही त्यात बाद होते. आणि हरवलेल्या किल्लीचं पातं दार तरीही उघडणारच, हे ध्यानात ठेवावं. त्या किल्लीसोबत पत्ता गेला असेल तर निदान ड्रायव्हरच्या दाराचं आणि इग्निशनचं कुलूप बदललेलं बरं.

नक्कल करणारी यंत्रं आज गल्लीतल्या दुकानात आहेत, हाही या चिपांच्या इतिहासाचाच भाग. 2005 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज इथल्या संशोधकांनी फोर्ड आणि टोयोटाच्या किल्ल्यांत वापरली जाणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप फोडून दाखवली. तिची गुप्त संख्या अवघी 40 बिटांची होती. पुढे मेगामॉस नावाच्या चिपचा भेद नायमेखेन आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी केला. फोक्सवॅगनने 2013 साली लंडनच्या न्यायालयातून त्याच्या प्रसिद्धीला मनाई मिळवली आणि तो निबंध 2015मध्ये बाहेर आला. ज्याला अभेद्य म्हणून विकलं गेलं, ते जुनं होता होता नकलेला सोपं झालं. जुन्या गाडीच्या मालकाला याचा फायदाच आहे, आणि जोखीमही त्यालाच आहे. त्यामुळे गाडी धुणाऱ्याला, व्हॅलेला, अनोळखी गॅरेजला किल्ली देताना घराच्या किल्ल्यांचा जुडगा वेगळा काढण्याची सवय असावी. आणि किल्ली डोळ्यांसमोर राहील अशाच दुकानात काम करून घ्यावं.

आता या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक किल्ली हातात असताना दुसरी करणं आणि एकही नसताना पहिली करणं, ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिल्यात नक्कल होते, दार उघडं असतं, पातं समोर असतं. दुसऱ्यात गाडी जागेवरून हलत नाही, कारागिराला यायला लागतं, पातं घडवावं लागतं, पिन मिळवावा लागतो. ज्या गाड्यांत पिन मिळत नाही, तिथे संगणकच काढून, त्यातली स्मृतीची छोटी आयसी वाचून माहिती बदलावी लागते. काही सर्व्हिस सेंटर या प्रसंगी इग्निशन, दारं, डिकी यांचा पूर्ण लॉकसेट आणि सोबत नवा संगणक बदलायला सांगतात आणि बिल जुन्या गाडीच्या किमतीचा चांगला मोठा तुकडा खाऊन जातं. टोयोटाच्या त्या काळातल्या काही मॉडेलांत काळ्या डोक्याची मास्टर आणि राखाडी डोक्याची दुय्यम किल्ली असे, आणि नवी किल्ली शिकवायला मास्टरच लागे. युरोपातल्या सुरुवातीच्या फियाटमध्ये लाल डोक्याची किल्ली होती. ती हरवली तर संगणक बदलण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून जुनी गाडी विकत घेताना विक्रेता एकच किल्ली पुढे करत असेल, तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा आणि गाडी ताब्यात आल्या आल्या ती करून घ्यावी. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे इथे फार महाग पडतं.

रिमोटकडे येऊ. दुरून दार उघडणारी किल्ली 1982 साली रेनोच्या फुएगो गाडीत आली. पॉल लिपशुत्झ यांची ती रचना टीव्हीच्या रिमोटप्रमाणे अवरक्त किरणांवर चालायची. नंतर रेडिओ लहरी आल्या, पण सुरुवातीचे रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवत. जवळ उभं राहून तो टिपला की चोराला पुन्हा वाजवता येई. त्यावर उपाय निघाला बदलत्या संकेताचा. दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत 1980च्या दशकात तयार झालेली ‘कीलॉक’ ही पद्धत 1995मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली आणि ती जगभर पसरली. रिमोटमध्ये एक मोजणी चालू असते; दर दाबाला ती एकाने पुढे सरकते आणि गुप्त संख्येने झाकून पाठवली जाते. गाडी मागचा आकडा स्वीकारत नाही, पुढचा स्वीकारते. खिशात बटण चुकून दाबलं जाणार हे गृहीत धरून पुढच्या 16 आकड्यांपर्यंत ती लगेच मान्य करते. त्याच्याही पुढे गेलेला रिमोट असेल तर लागोपाठ दोनदा दाबल्यावर पुन्हा जुळवून घेते. मुलांनी खेळता खेळता रिमोट बिघडवला असं वाटतं, तेव्हा अनेकदा गाडीजवळ जाऊन दोनतीनदा दाबणं एवढाच उपाय असतो.

नवा रिमोट घेण्याआधी जुना खरंच मेला आहे का ते पाहावं. पहिला संशयित सेल. सीआर2032 म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाचा आणि 3.2 मिलिमीटर जाडीचा. सीआर2025 तेवढाच रुंद पण 2.5 मिलिमीटर जाड. सीआर1620 हा 16 मिलिमीटर रुंद आणि 2 जाड. दुकानदार ‘चालतंय’ म्हणून पातळ सेल देतो, तो आत सैल बसतो आणि रिमोट अधूनमधून चालतो. दुसरा संशयित बटणाखालचा इवलासा स्विच. सर्वांत जास्त वापरलेलं बटण आधी जातं. लॉक होतं पण अनलॉक होत नाही, हे त्याचं लक्षण. मोबाइल दुरुस्त करणारा तो स्विच काही मिनिटांत डाग देऊन बदलतो. तिसरी गोष्ट आपल्या पावसाची. भिजलेला रिमोट तांदळात पुरून ठेवण्यात अर्थ नाही. लगेच उघडावा, सेल काढावा, आतली सर्किटची पाटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी, पूर्ण वाळल्यावर नवा सेल घालावा. सेल आत राहिला तर ओल्या पाटीवर हिरवट गंज चढतो आणि मग दुरुस्ती उरत नाही. कपड्यांबरोबर मशिनमध्ये धुतली गेलेली किल्ली रिमोट म्हणून मेली तरी गाडी बहुधा सुरू होते, कारण चिप बंदिस्त आवरणात असते आणि तिला सेलशी घेणंदेणं नसतं.

कवच फुटलं म्हणून नुसतं कवच बदलणाऱ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. पुष्कळ किल्ल्यांत चिप रिमोटच्या पाटीवर नसते. कवचाच्या एका कोनाड्यात काळा, 12 मिलिमीटर लांब, 6 रुंद आणि 3 जाड असा सुटा तुकडा म्हणून ती बसवलेली असते. नव्या कवचात पाटी आणि पातं जातं, हा तुकडा जुन्यातच राहतो आणि जुनं कवच कचऱ्यात जातं. मग रिमोटने दारं उघडतात, किल्ली फिरते आणि गाडी सुरू होत नाही. कवच बदलून घेताना समोर उभं राहून तो तुकडा कुठून कुठे गेला ते पाहावं.

दुकानात किंवा ऑनलाइन रिमोट घेताना फ्रिक्वेन्सी तपासावी. भारतात आणि युरोपात 433.92 मेगाहर्ट्झ चालते, जपान-अमेरिकेच्या बाजारातले बरेच रिमोट 315 मेगाहर्ट्झचे असतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण चुकीचा रिमोट गाडीला ऐकूच येत नाही. जुन्या गाडीतून काढलेला सेकंडहँड मूळ रिमोटही प्रत्येक गाडीला शिकवता येत नाही. काहींची ओळख एकदा लिहिली की कायमची बंद होते. आणि बदलत्या संकेताच्या रिमोटची ‘समोरासमोर धरून कॉपी’ होते असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नये. तो गाडीला रीतसर शिकवावाच लागतो.

आपल्याकडच्या हजारो जुन्या गाड्यांचा रिमोट तर गाडीच्या कंपनीचा नसतोच. खालचा व्हेरियंट घ्यायचा आणि बाहेरून सेंटर लॉक बसवायचं, ही तेव्हाची रीत होती. नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या नावांचे संच गावोगावच्या ॲक्सेसरीच्या दुकानांत बसवले गेले. असा रिमोट किल्लीपासून वेगळा, जुडग्याला लटकलेला असतो आणि त्यावर गाडीचं बोधचिन्ह नसतं. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला खेटे घालण्यात अर्थ नाही. डॅशबोर्डखाली त्या संचाची काळी पेटी शोधावी, तिच्यावरचं नाव आणि मॉडेल वाचावं आणि त्याचाच रिमोट मागवावा. शिकवण्याची रीत बहुधा पेटीच्या छोट्या बटणावर असते. रिमोट मिळत नसेल तर पूर्ण संच बदलावा. दारांतल्या मोटारी चांगल्या असतील तर त्या तशाच ठेवून पेटी आणि रिमोट बदलले तरी चालतं. स्वस्त संचांत न बदलणारा एकच संकेत असतो, तो टाळावा.

सर्व्हिस सेंटर की किल्लीवाला? पूर्ण नवी, नोंदवलेली किल्ली हवी आणि वाट पाहायला वेळ असेल तर सर्व्हिस सेंटर बरं. आरसी, ओळखपत्र, चासी क्रमांक आणि अर्ज लागतो, पैसे आधी भरावे लागतात आणि किल्ली यायला दिवस ते आठवडे जातात. ही कागदपत्रं मागितली म्हणून चिडू नये. तीच तुमच्या गाडीची राखण आहे. उलट जो किल्लीवाला आरसी न पाहता कुठल्याही गाडीची किल्ली करतो, तो तुमच्या गाडीचीही दुसऱ्याला करून देईल. चांगले कारागीर स्वतःहून आरसी मागतात आणि वहीत नोंद ठेवतात. रोजच्या वापरातल्या मारुती-ह्युंदाईसाठी असा कारागीर मला सर्व्हिस सेंटरपेक्षा अधिक उपयोगी वाटतो. काम त्याच दिवशी होतं आणि विनाकारण लॉकसेट बदलायची वेळ येत नाही.

ज्या कंपन्या देश सोडून गेल्या त्यांच्या गाड्यांना तर हाच आधार आहे. जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतात विक्री थांबवली, फियाट 2019मध्ये गेली, फोर्डने 2021मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. तळेगावात बनलेल्या बीट आणि रांजणगावात बनलेल्या पुंटो, लिनिया आजही रस्त्यावर आहेत. कंपन्यांनी सेवा चालू ठेवण्याची व्यवस्था केली, तरी ठिकाणं विरळ झाली आणि भाग येण्यात काळ जातो. या गाड्यांच्या मालकांनी सगळं ठीक असतानाच दोन चालत्या किल्ल्या आणि पिन क्रमांक हाताशी ठेवावा. वेळ आलीच, तर भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा संगणक, इग्निशन कुलूप आणि किल्ली असा एकत्र संच बसवता येतो. तिघं एकमेकांना आधीच ओळखत असतात, त्यामुळे नव्याने काही शिकवावं लागत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांत असे संच मिळतात, पण पक्कं बिल घेतल्याशिवाय उचलू नये.

किल्ली हरवल्याची नोंद पोलिसांकडे करावी, आणि हे काम किल्ली करायला जाण्याआधीचं आहे. गाडी पुढे कधी चोरीला गेली, तर विमा कंपनी दावा तपासताना सगळ्या मूळ किल्ल्या मागते. एक कमी निघाली आणि ती हरवल्याचा कुठलाच जुना कागद नसला, तर दावा अडतो किंवा लांबतो. पुणे-मुंबईच्या पोलिसांची संकेतस्थळं हरवलेल्या वस्तूची नोंद ऑनलाइन घेतात. त्या पावतीबरोबर नव्या किल्लीचं बिलही जपावं. पॉलिसीत किल्ली बदलण्याचं जादा संरक्षण घेतलं असेल तर खर्च परत मागतानाही हेच दोन कागद लागतात.

पैसे देण्याआधी किल्ली तपासायला दहा मिनिटं द्यावीत. रिमोट बाजूला ठेवून नुसत्या पात्याने ड्रायव्हरचं दार, असेल तर डिकीचं आणि पेट्रोलच्या झाकणाचं कुलूप उघडून बघावं. सेल संपेल त्या दिवशी हेच पातं कामाला येणार असतं. मग इंजिन सुरू करून दोन मिनिटं चालू ठेवावं, बंद करून जुनी किल्ली जुडग्यातून काढून दूर ठेवावी आणि पुन्हा सुरू करावं, कारण जवळच्या जुन्या चिपमुळे नवी चालल्याचा भास होऊ शकतो. रिमोट पंधरावीस पावलांवरून दाबून पाहावा. जुनी किल्ली अजून चालते ना, तेही पाहावं. आणि नोंदणीने काम झालं असेल तर कारागिराला यंत्राच्या पडद्यावरचा नोंदलेल्या किल्ल्यांचा आकडा दाखवायला सांगावा. तुमच्या हातात दोन किल्ल्या असतील तर तिथे दोनच दिसायला हव्यात.